थंड इंजिनाची टकटक

फिलर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. दोन लोखंडांमधली फट मोजायला पातळ पात्या असतात, त्यांना फिलर म्हणतात. त्यांचा जुडगा याच्या खिशात कायमचा. जेवायला बसला तरी टेबलाच्या फळ्यांत पाती सारून बघणार. बायको होती तोवर म्हणायची, "माझ्या दातांत घालू नका म्हणजे झालं." ती गेली, जुडगा राहिला. पुढे पत्र्याचं गॅरेज, मागे घर, आणि मधल्या दारातून ऑइलचा वास थेट चुलीपर्यंत.

धाकटा भाऊ अगदी उलटा, त्याला मोजमापाचाच कंटाळा. त्याने एका लहान चारचाकी बाईकला, चिखलात नि चढावर पळवतात तसल्या, टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनाने टाकलेल्या धुरावर फिरणारा पंखा, जो इंजिनाच्या छातीत हवा कोंबतो. ताकद भरमसाट वाढते, पण आतली हाडं जुनीच राहतात.

"आधी आतलं मजबूत करू," फिलर म्हणाला.

"शर्यत होऊ दे, मग कर. म्हातारा झालास, दादा."

शर्यतीत चढाला लागताना इंजिन टकटकत होतं. पायथ्याशी उभ्या फिलरला ते ऐकू आलं. थांब म्हणून त्याने हात केला. धाकट्याला वाटलं, दादा निरोप देतोय. त्यानेही हसत हात केला. वळणावर पिस्टन फुटला, इंजिन जाम झालं, मागची चाकं जागच्या जागी धरली गेली आणि गाडी त्याच्यावर उलटली. तो जागीच गेला.

तेव्हापासून ती टकटक फिलरच्या घरी राहायला आली. कधी नळात, कधी दाराच्या कडीत. शेजारणीच्या शिलाई मशीनमध्ये ऐकू आली, तेव्हा तो न बोलावता जाऊन मशीनला तेल घालून आला. ती बिचारी म्हणाली, "अहो, मशीन बंदच होतं."

त्यालाही काही वर्षं लोटली. भावाची मुलगी फिलरच्याच हाताखाली शिकून तयार झाली, आणि एके दिवशी तिने छपरीतून ती गाडी ओढून बाहेर काढली.

"काका, ही उभी करायची. टर्बोसकट. त्याच चढावर न्यायचीय."

तिची आई दारात उभी. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा हिला."

"सांगून ऐकणारं रक्त आहे का हे?" फिलर म्हणाला. "दुसऱ्याकडे गेली तर वरवर रंग मारून देईल कुणीतरी. मीच बांधतो."

आणि बांधलं. ओतीव पिस्टन काढून घडीव घातला. पिस्टनला धरणाऱ्या काडीसारख्या कनेक्टिंग रॉडच्या जागी जाडजूड रॉड आला. क्रँकचे, म्हणजे पिस्टनची खालीवर चाल गोल फिरवून देणाऱ्या दांड्याचे, दोन भाग एका पिनेवर दाबून बसवलेले असतात. टर्बोच्या जोराने ते पिळवटू नयेत म्हणून पीन वेल्डिंगने डागली आणि क्रँक सरळ फिरतो की नाही ते पुन्हापुन्हा तपासलं.

"काका, एवढ्यात रणगाडा झाला असता."

"रणगाड्याला तुझ्यासारखं तोंड नसतं. पाना दे."

आता घडीव पिस्टनची एक खोड असते. तापला की तो जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये त्याला जरा सैल ठेवावा लागतो. सैल असतो म्हणून इंजिन थंड असताना वाजतो, टकटक टकटक, आणि फुगला की गप्प होतो. पुतणीला हे फिलरनेच शिकवलं होतं. पण सिलिंडर आतून कापून मापात आणणाऱ्या बोअरिंगवाल्याकडे तो एकटाच गेला.

गाडी सुरू केली, तर आवाज कसा, दूध तापत ठेवल्यासारखा.

"गप्प आहे गं बाई," भावजय म्हणाली. तिच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. "मागच्या वेळी कशी दात वाजवायची."

पुतणीच्या कपाळावर मात्र आठी. "काका, थंड आहे ना अजून?"

"आहे."

"मग वाजत कशी नाही?"

"काम साफ असलं की नाही वाजत."

"पण तुम्हीच तर—"

"फार शहाणी झालीस. जा, फिरवून आण."

काकाचा शब्द म्हणजे मोजलेला शब्द. तिने हेल्मेट घातलं, गिअर टाकला. फाटकाशी वळली आणि हसून हात केला. हुबेहूब बापासारखा.

फिलर असा धावला की चप्पल मागे राहिली. त्याने चावीच उपटली.

"घट्ट आहे," तो म्हणाला. "कमी कापायला मीच सांगितलं. मला ते वाजायला नको होतं."

"आणि तापल्यावर?" पुतणीने विचारलं.

"जाम झालं असतं."

पुतणीने हेल्मेट काढलं. "बाबांनी आवाज मनावर घेतला नाही, आणि तुम्ही आवाजाचाच गळा दाबलात?"

भावजय म्हणाली, "वाजू द्या, भाऊजी. हवं तेवढं वाजू द्या. मी कानात बोळे घालीन."

सिलिंडर पुन्हा बोअरिंगवाल्याकडे गेला, या वेळी पुतणीच्या काखेत. पाती तिने घातली, फट तिने मोजली. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि वाजलं. फिलर मधल्या दाराला पाठ लावून उभा राहिला, जणू कुणी आत यायला बघतंय. हळूहळू इंजिन तापलं.

"गेला आवाज," भावजय म्हणाली.

"थांबा अजून," फिलर म्हणाला.

थांबल्या. पुतणीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काका, केव्हाच गेलाय."

तो म्हणाला, "माझ्या कानांवर जाऊ नकोस. इथून पुढं तुझे कान खरे."

शर्यतीच्या दिवशी चढाच्या पायथ्याशी त्याने दोन्ही हात खिशात कोंबले होते. गाडी टकटक न करता वळण ओलांडून वर गेली, असं भावजयीने त्याला सांगितलं. नंबर काही आला नाही. पोरगी खाली आली ती चिखलाने माखलेली, दातांतही माती, आणि आईने तिला चिखलासकट कवटाळलं.

फिलर इंजिनाशी कान लावून वाकून उभा होता.

"पोरी, बंद कर की आता."

"बंदच आहे, काका."

"बरं," तो म्हणाला, आणि जरा लांब जाऊन उभा राहिला.