मधमाश्यांना काय सांगायचं

एलाय पॉटलला नेलं त्या सकाळी थर्झाने पायातले बूट काढले, ते पुन्हा फारसे घातलेच नाहीत. कुणीतरी म्हणालं होतं, कैद्यांची जहाजं जातात तो मुलूख बरोबर आपल्या पायांखाली आहे, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. तेव्हापासून परसात अनवाणी चालताना तिला वाटे, खालून कुणाचे तरी तळवे आपल्या तळव्यांना लागताहेत. ती थांबली की तेही थांबत.

तिच्या नवऱ्याने, एलायने, मळणीयंत्र फोडलं होतं. डॉर्सेटच्या त्या खोऱ्यात माणसं हिवाळाभर धान्य झोडपून जगत. यंत्र आलं आणि हात रिकामे झाले. फोडल्याची शिक्षा म्हणून त्याला जहाजात घातलं, आणि तिकडून परतलेला माणूस गावाने अजून पाहिला नव्हता.

मागे राहिल्या थर्झा आणि गवती टोपल्यांतल्या मधमाश्या. तिथली जुनी रीत अशी, की मालक मेला की दाराच्या किल्लीने टोपलीवर टकटक करून माश्यांना सांगायचं, वर काळं फडकं बांधायचं. नाही सांगितलं तर त्या घर सोडून जातात. पण समुद्रापार नेलेल्या माणसाचं काय सांगायचं?

"मेला म्हणून सांगून टाक," शेजारची केझाया आजी म्हणे.

"त्यांना खोटं कळतं, आजी."

"अस्सं? काल मला 'बरी दिसतेस' म्हणालीस, तेव्हा एकही चावली नाही तुला."

थर्झाने माश्यांना काहीच सांगितलं नाही. तरी त्या राहिल्या. आठव्या वसंतात रूबेन मॅस्केल, बायको गेलेला मेंढपाळ, तिच्या दारात येऊन उभा राहिला. अंगाला कोकरांचा वास.

"लग्नाचं विचारायला आलोय. मला फारसं बोलता येत नाही. मेंढ्यांना चालतं."

"मी मेंढी नाही, रूबेन."

"ते दिसतंच आहे. मेंढी आठ वर्षं एका जागी उभी राहत नाही."

तिला हसू आलं. इतक्या वर्षांनी पाद्रीही हरकत घेणार नव्हता. आणि तिला रूबेन हवा होता. अडचण तीच होती. घरात नवा माणूस यायचा, तर जुन्याचं मरण आधी माश्यांना सांगायला हवं; आणि ते आपल्या तोंडून निघालं, की एलाय जिथे असेल तिथे खरंच मरेल, असं तिला वाटे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती किल्ली घेऊन परसात गेली. सफरचंदाच्या फुलांत धुकं अडकलं होतं. रूबेन कुंपणापलीकडे थांबला. तिने टकटक केलं. आतली गुणगुण बंद झाली.

"एलाय जिवंत आहे," ती म्हणाली. "पण तो यायचा नाही. उद्यापासून रूबेन येईल."

काळं फडकं तिच्या मुठीतच राहिलं. टोपलीत आवाज नव्हता. पायांखालीही कुणीतरी थांबलं होतं.

रूबेन आत आला. टोपी काढून तो टोपलीशी वाकला आणि आजारी कोकराशी बोलावं तसं म्हणाला, "मी रूबेन. मालकाची जागा मागत नाही. वरचं गवत कुजलंय, तेवढं बदलून देईन."

मग कितीतरी वेळाने आत एक माशी गुणगुणली. तिच्यामागून दुसरी. मग सगळ्या.

सकाळी चर्चमध्ये जायला बूट हवे होते. रूबेनने ते कपाटामागून शोधून काढले, पुसून उंबऱ्यावर ठेवले आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. थर्झाने एकेक पाऊल ओल्या मातीवर जरा वेळ टेकवलं, मग बुटात घातलं.