पोलोन्नरुवाच्या तळ्यात

पुण्याला भाचीच्या लग्नाला निघालो, तेव्हा वाटेत चार दिवस श्रीलंकेत थांबायचं मुलीनेच ठरवलं. ती जन्मली न्यू जर्सीत, नोकरी तिथल्याच पाणीखात्यात इंजिनियरची. जुन्या सिंहली राजांच्या तलावांनी तिला वेड लावलं होतं. "आई, एट हंड्रेड इयर्स ओल्ड, अँड इट स्टिल वर्क्स!"

पोलोन्नरुवात आम्ही तळ्याकाठच्या एका साध्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. पुढे पडवी, पडवीसमोर थेट पाणी. चालवणारी बाई माझ्यासारखीच साठीची, इंग्रजी बेताचं. सिंहली आणि मराठी चुलत बहिणी, असं मुलीला ऐटीत सांगून मी पहिल्या सकाळी "पाणी" मागितलं. बाईने वाटीभर काकवीसारखा पाक आणून ठेवला. सिंहलीत तसाच ऐकू येणारा शब्द पाकासाठी आहे! मुलगी ठसका लागेपर्यंत हसली. बाईने हसत हसत त्या पाकात दही वाढलं आणि मी वाटी चाटूनपुसून साफ केली.

दुपारी अवशेष पाहिले. मूर्तींपुढे चपला काढाव्या लागतात आणि फरशा तव्यासारख्या तापलेल्या. सावली शोधत अक्षरशः उड्या मारत गेलो. पण कड्यात कोरलेला, पहुडलेला बुद्ध समोर आला आणि पाय भाजताहेत हेच विसरले. डोक्याच्या भाराने उशी जरा दबलेली, तीसुद्धा दगडातच.

संध्याकाळी परतलो तर बाई आंघोळीला तळ्यावर निघाली होती. तिने मला एक सुती कापड दिलं, छातीशी गाठ मारायला शिकवलं आणि "कम" म्हणाली. मगरी असतात का, हे मी हातांचा जबडा करून विचारलं. "हियर, नो," म्हणत तिने पार पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

पायऱ्या उतरले, पाणी गळ्याशी आलं आणि कळायच्या आत मी पोहायला हात मारले.

माहेरच्या विहिरीत मी दिवसदिवस पोहायचे. अमेरिकेत आले आणि ते सुटलं. स्विमसूट घालायची लाज वाटायची. मुलीच्या पोहण्याच्या क्लासला मात्र कित्येक वर्षं बाकावर बसून राहिले.

"आई! यू कॅन स्विम?" ती काठावरून ओरडली. "हाऊ डिड आय नॉट नो धिस?"

"तू कधी विचारलंस?" मी म्हणाले. खरं तर मीच कधी सांगितलं नव्हतं.

ती कपड्यांसकट पाण्यात आली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, ती मुद्दाम हळू पोहत होती, माझ्या बरोबरीने.

दुसऱ्या दिवशी सिगिरियाचा कडा चढायचा होता. तिने गाडी कॅन्सल केली. "इथेच राहू या ना," म्हणाली, चक्क मराठीत. उरलेले दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ पाण्यातच होतो. लग्नाच्या फोटोंत मी उन्हाने पार रापलेली दिसते. बहिणीने मेकअपवालीला दोनदा माझ्याकडे पाठवलं, पण मी तिला हात लावू दिला नाही.