सहा व्होल्टची आई

माझ्या आईचा आवाज पुरुषी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. चांगला खणखणीत बायकी आवाज होता. दारातून हाक मारली तर ओढ्यापलीकडचा गुराखी ‘ओ’ द्यायचा. तरीही लडाखातल्या एका चौकीवर तिच्या आवाजाबद्दल भलताच गैरसमज पसरला, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

गोष्ट साठ-पासष्टच्या दरम्यानची. वडील लवकर गेले. थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, पलटणीत भरती झाला आणि मी इस्लामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात कारकून म्हणून चिकटलो. मी इंटर सायन्सला एकदा बसलो होतो. (उठलो तो नापास होऊनच!) पण तेवढ्यावर आमच्या गावात, वडूजपासून दोन कोसांवर, मला शास्त्रज्ञ समजत. कुणाचा कंदील भडकला तरी मला इस्लामपूरला कार्ड यायचं.

दादा लडाखातून दोन वर्षं रजेवर आला नव्हता. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिची पत्रं मी लिहायचो. ती तासभर बोलायची आणि मी त्याचं ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कळावे’ करून टाकायचो. दादाला त्यात आई कुठे सापडायची नाही. शेवटी त्याने बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून दोन जपानी टेपरेकॉर्डर घेतले, अगदी जुळी भावंडं! एक स्वतःजवळ ठेवला. दुसरा शिरपाबरोबर घरी पाठवला. शिरपा शेजारच्या गावचा, दादाच्याच पलटणीतला, महिनाभराच्या रजेवर आलेला. यंत्रात दादाचा आवाज भरलेला होता. सोबत एक कोरं रीळ आणि चिठ्ठी: ‘कागदावरची आई पुरे झाली. आता तिला बोलू दे. शिरपा परत येईल तेव्हा रीळ त्याच्याजवळ दे.’

या यंत्राच्या पोटात आवाजासाठी एक छोटी चौकोनी बॅटरी होती. ती बिचारी अल्पाहारी. पण चाकं फिरवायला दोन जाडे सेल लागत, आणि ते मात्र फडशा पडल्यासारखे संपत. आमच्याकडे सेलला ‘मसाला’ म्हणायचे. आईने दादाचा आवाज आठ दिवस सकाळ-संध्याकाळ ऐकला, अख्ख्या आळीला ऐकवला, परड्यातल्या म्हशीलाही ऐकवला. (दादाने तिची चौकशी केली होती.) नवव्या दिवशी दादा पेंगुळल्यासारखा बोलू लागला आणि दहाव्या दिवशी गप्प झाला.

आईने दोन्ही सेल काढून घराच्या धाब्यावर मिरच्यांशेजारी वाळत घातले. सेल उन्हात तापले की त्यांत जीव येतो, हे तेव्हाचं सर्वमान्य शास्त्र. दोन दिवस वाळवल्यावर दादा एकदाच ‘आ...ई...’ म्हणाला आणि परत निजला. सेलांना मिरच्यांचा वास तेवढा छान लागला.

मग आईने कुणाकडून तरी लिहवून मला कार्ड धाडलं. मी शास्त्रज्ञ! मी ताबडतोब वडूजच्या मामांना लिहिलं, ‘आईकडे दोन मोठे मसाले तातडीने पाठवा. दादासाठी हवेत.’

मामांनी दोन मोठ्या बरण्या कांदा-लसूण मसाला पाठवला!

शनिवारी मी वडूजच्या स्टँडवर उतरलो तर मामाच समोर उभे. म्हणाले, "पोचला का रं मसाला? तू ‘मोठे’ लिवलंतंस, म्हून मोठ्या बरन्या दिल्या. लडाकात थंडी लय. जरा झणझणीतच कुटाया लावलाय."

मी मामांच्या पाया पडलो. तसंही मला त्या सेलांची गरज उरली नव्हती, कारण माझ्या काखेत एक जडशीळ पिशवी होती आणि तिच्यात माझी अक्कल होती.

सेल घ्यायचे, संपवायचे, फेकायचे, हा धंदा आतबट्ट्याचा. त्यापेक्षा पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी एकदाच घ्यावी, असा विचार मी केला होता. इस्लामपुरात एका गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे तीन बॅटऱ्या होत्या. लॉरीची उचलायला दोन माणसं लागत. जीपची एकट्याला उचलायची, पण भाव ऐकून दोन माणसांनी धरावं लागे. तिसरी मोटारसायकलची, जुनी, एका कोपऱ्यात उंदरांबरोबर राहणारी. स्वस्तात स्वस्त तीच.

"किती व्होल्टची?" मी ऐटीत विचारलं.

"सा."

"आमच्या यंत्राला तीन लागतात."

"तिनाची न्हाई वं मिळत सायेब. साची न्या. जादाचं कवा वाया गेलंय व्हय?"

दोन सेल म्हणजे तीन व्होल्ट, आणि सहा म्हणजे त्याच्या दुप्पट, एवढं गणित मला येत होतं. पण शास्त्र एकीकडे आणि स्वस्ताई दुसरीकडे असली, की मी कायम स्वस्ताईच्या बाजूने मत देत आलो आहे. बॅटरी घेतली, चार्ज करून घेतली आणि एस.टी.त मांडीवर बसवून आणली. कऱ्हाड येईपर्यंत माझ्या पँटला ॲसिडने सात भोकं पाडली.

घरी पोचलो तर आईने बॅटरीकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "ही चारज कशावर करायची?"

"विजेवर."

"आपल्या गावात वीज कुटं हाय?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

"इस्लामपूरला नेऊन करीन," मी म्हणालो.

"म्हंजी दर आठ दिसाला हे धोंडं कडंवर घिऊन हिंडनार? लगीन कवा करायचं मग?"

शिरपा रविवारी सकाळच्या गाडीने निघणार होता. पुढचा रजेवाला कधी येईल, कोण जाणे. त्यामुळे त्याच संध्याकाळी आई जरीकाठाचं लुगडं नेसून पाटावर बसली. महिनाभर ती बोलायची तालीम करत होती. चुलीपुढे, ओढ्यावर, म्हशीच्या धारा काढताना. आधी देवाधर्माचं, मग शेताचं, आणि शेवटी तिला जे खरं सांगायचं होतं ते. ते काय, हे मलासुद्धा सांगत नव्हती. ‘त्याला सांगीन,’ म्हणायची.

मी तारा जोडल्या, खटका दाबला. चाकं अशी काही गरगरली, की माझी छाती फुगली. सेलांवर कधी एवढी पळाली नव्हती! आई माइकला नमस्कार करून बोलू लागली, "माजा अनेक उत्तम आशीर्वाद..." (हे नक्की माझ्या पत्रांतून उचललेलं.) विहिरीचं झालं, शाळवाच्या पिकाचं झालं. पण मिस्त्रीच्या बॅटरीचं वय झालेलं होतं. चाकांचा जोर कमी होऊ लागला. पाणी कमी पडलं असेल, म्हणून मी बॅटरी जरा तिरकी करून भोकातून आत बघायला गेलो.

ॲसिड सांडलं. जरीकाठावर आणि माझ्या हातावर!

"आरं मुडद्या! माजं लुगडं!" आई गरजली. "डोळं हाईत का बटनं? शिकून शिकून गाढव झालास की रं! आरं, त्या हातानं डोळं चोळू नगंस! हिकडं ये. दाव हात. भाजला का? दाव म्हनते न्हवं! पान्यात घाल आदी, लेकरा..."

माझा हात घंगाळात बुडवून आई परत पाटावर बसली, लुगड्याची भोकं झाकून घेतली आणि माइकजवळ तोंड नेऊन, हळू आवाजात, दादाला जे सांगायचं होतं ते सांगितलं. मी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा चाकं मुंगीच्या पावलांनी फिरत होती. आईचे डोळे पुसून झाले होते, आणि बॅटरीने राम म्हटला होता. भरलेलं ऐकून बघायचीही सोय उरली नाही. सकाळी रीळ शिरपाच्या हवाली केलं. मसाल्याच्या दोन्ही बरण्याही दिल्या.

सव्वा महिन्याने दादाचं पत्र आलं. आई समोर बसली. मी मोठ्याने वाचू लागलो आणि दुसऱ्याच ओळीला मनात वाचू लागलो.

‘वसंता, रीळ पोचलं. सुरुवातीला कुणीतरी पाटील दरडावल्यासारखा आशीर्वाद देतोय. सुभेदारसाहेब म्हणाले, तुझे मामा भारदस्त दिसतात. मसाल्याच्या बरण्या मामांच्याच, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. शेवटी एक चिमणी बोलते. ती बराच वेळ बोलते, पण शब्द कळत नाही.’

आता माझी ट्यूब पेटली. दादाचा रेकॉर्डर इमानदार तीन व्होल्टवर चालणारा. माझ्या सहा व्होल्टांवर पळत भरलेली आई तिथे जाड्या आवाजात, संथ बोलणार, आणि मरत्या बॅटरीवर रांगत भरलेली आई चिवचिवणार! महिनाभर जपून ठेवलेलं तिचं खरं बोलणं मी चिमणीच्या तोंडी घातलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय लिवलंय? गप का झालास?" आई म्हणाली. "आला का न्हाई माजा आवाज?"

मी पुढचं वाचलं. आता मोठ्याने.

‘मधे मात्र अर्धा मिनिट आई आहे. आपली आई, जशीच्या तशी. "आरं मुडद्या, माजं लुगडं"पासून "पान्यात घाल, लेकरा"पर्यंत. तेवढं मी रोज ऐकतो. पलटणीत कुणाला घरची आठवण आली, की तोही येऊन बसतो. भाषा कळत नाही असे पंजाबी गडीसुद्धा येतात. परवा एकजण ऐकून रडला. तुझं नाव इथे सगळ्यांना मुडद्या म्हणूनच माहीत आहे.’

म्हणजे सहावरून खाली येता येता बॅटरी नेमकी तीन व्होल्टांवर असतानाच मी ॲसिड सांडलं होतं! आई हसू लागली, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. मला इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रजेवाल्याबरोबर दादाने कोरं रीळ आणि चार जाडे सेल धाडले. मी खटका दाबला. चाकं शहाण्यासारखी फिरू लागली. आई माइकसमोर बसली, पण तोंड काही उघडेना.

"बोल की आई."

"काय बोलू? त्याला त्येच आवडलंय न्हवं? सांड तू कायतरी!"

मी पाण्याने भरलेला तांब्या उचलला. तिरका केला. पाणी काठापर्यंत आलं आणि परत मागे गेलं. दुसऱ्यांदा केला, तीच तऱ्हा. जन्मभर कुणी न सांगता सांडत आलेला मी, आणि आता आई तोंडाने सांगत होती तर एक थेंब खाली पडेना!

"आरं मुडद्या!" आई कडाडली. "येवढं बी जमंना व्हय रं तुला? हिकडं आन तांब्या! आंगावर घेशील आन पडशील आजारी, लेकरा..."

दादाला हवं होतं ते सगळं तीन व्होल्टांत स्वच्छ भरलं गेलं, आणि मला काही सांडतासुद्धा येत नाही, हे पलटणीला कळवायची सोय झाली!