ज्युदोसाठी मध्यस्थ

खोपोलीत आमचा ज्युदोचा वर्ग एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरतो. लग्न असलं की सुट्टी, नसलं की आपटाआपटी. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षिकेला हे कुणी सांगितलंय, असं घरचे विचारतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पडायला नव्हे.

माझी जोडी शेजारणीशी होती. आम्ही एकमेकींना इतक्या जपून पाडायचो की सर कंटाळून दुसरीकडे बघायचे. मग तिच्या नवऱ्याची बदली झाली, ती मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायला गेली आणि मी एकटी उरले. "जोड्या लावा" म्हटलं की नेमका माझा पट्टा सैल व्हायचा. तो बांधून होईपर्यंत जोड्या लागलेल्या असायच्या. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, रविवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. जोडीदार नसेल तर बसता येणार नाही."

मला तो पट्टा हवा होता, अगदी मनापासून. अख्ख्या वर्गाला एका आवाजात गप्प करणारी मी, 'माझ्याबरोबर खेळता का' एवढं विचारू शकत नव्हते. स्वतःची भयंकर चीड यायची.

माझ्याशिवाय मोकळी एकच होती, पतपेढीत नोकरी करणारी, डोंगराखालच्या गावची एक उंच मुलगी. तिच्याशी सरळ जाऊन बोलायचं? छे! आमच्या घराण्यात मध्ये कुणीतरी असल्याशिवाय अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. मी मोहोपाड्याला फोन लावला. शेजारीण त्या मुलीच्या वहिनीला ओळखत होती. "जरा शब्द टाक ना," म्हटलं. तिने टाकला, तिच्या पद्धतीने: "आमच्या बाई फार चांगल्या घरच्या. तुमची नणंद त्यांच्या मनात भरलीय. स्वतः बोलायला लाजतात."

शनिवारी ती मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, पोरगा काय करतो?"

"कुणाचा?"

"तुमचा. वैनी सांगत होती, तुमी मला मागनी घातली म्हनून. घरात समदी खूश हायेत."

माझा पोरगा पाचवीत आहे. सध्या तो गणिताचा अभ्यास टाळतो. ते सांगितलं. मग तोंडातल्या तोंडात खरं कारणही सांगितलं. ती हसत हसत मॅटवरच बसली.

"एवढ्यासाठी? अवं, मी हितंच तर हाय! मीच इचारनार होते तुमाला. पन तुमी कुनाकडं बघतच नाय. वाटलं, लई गर्व हाय बाईंना."

आणि मी आजवर स्वतःला लाजाळू म्हणवून घेत होते, तेही जरा कौतुकानेच. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तेवढ्यात तिने उठून माझा डगला धरला आणि मला उचलून आपटलं. इतकं मनापासून मला आजवर कुणी पाडलं नव्हतं.

"लागलं का वं?"

"लागलं," मी म्हणाले. "पुन्हा पाड गं."