दोन प्याल्यांची मंडळी

पुलगावजवळच्या एका लहानशा चर्चनं स्मरणिकेसाठी मंडळीचा इतिहास लिहून मागितला आणि मी लगेच हो म्हटलं. मी नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवते, शिवाय ख्रिस्ती. मला हे घरचंच काम वाटलं.

सकाळच्या गाडीनं पुलगाव गाठलं. जाणार असाल तर स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून शेअर ऑटो. भरल्याशिवाय सुटत नाही. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्हीकडे पांढरंशुभ्र फुटलेला कापूस आणि वेचणाऱ्या बायका.

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, सत्तरीचे शमुवेलकाका चर्चमध्ये वाट पाहत होते. त्यांनी बाप्तिस्म्याच्या वह्या, जुने फोटो माझ्यापुढे मांडले. "सगळं चांगलंच हाय मॅडम, आरामात लिहा." जेवायलाही त्यांच्याचकडे, गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत.

दुपारी मंडळीतल्या सर्वांत जुन्या रूथआजींकडे गेले. अंगणात बसून प्रभुभोजनाचा, येशूच्या स्मरणार्थ सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, विषय निघाला, तशा त्या सहज म्हणाल्या, "प्रभुभोजनाले दोन प्याले राहत. एक त्यायचा, वरच्या जातीतून आलेल्यायचा, एक आमचा. आमी अस्पृश्य वस्तीतले ना."

"ख्रिस्ती झाल्यावरही?"

"हो वो बाई. माहा भाऊ त्यापायीच उठून गेला. मंग त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली."

"आणि तुम्ही?"

"येशूनं थोडीच दोन प्याले ठेवलते? मी राह्यली. पण भाऊ मरेपर्यंत माह्याशी बोलला नाई."

संध्याकाळी मी काकांना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काऊन लिहिता ते? तवा माहे बाबा मंडळीचे वडील. तेच वाटत ते प्याले. तुमी आज येसान, उद्या जासान. आमाले इथंच राहाचं हाय."

मी म्हटलं, "काका, आपल्या शास्त्रात राजाचं पाप लिहिलंय. गुरूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याचंही. ते कुणी वगळलं नाही."

त्यांनी वह्या गोळा केल्या. ऑटोपर्यंत सोडायला मात्र आले.

परतीच्या गाडीत, खरं सांगते, वगळावं असं मलाही वाटलं. श्रद्धा वर्गाबाहेर ठेवून इतिहास शिकवते, याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. पण माझ्यातल्या इतिहासकाराला 'लेखी पुरावा नाही' ही सबब पुरली असती. सोडेना ती श्रद्धाच. पाप कबूल केल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जायचं नसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

आजींना फोनवर विचारून घेतलं, प्रकरण लिहिलं आणि काकांना पाठवलं. आठ दिवस काहीच नाही. मग रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, उपासनेनंतर रूथबाईकडे गेलतो. वाचून दाखवलं तिले. म्हणे, माह्या भावाचं नाव काऊन नाई?"

"घालते, काका."

"अन् तुमी 'एक वडील' असं लिहिलं. तसं नका लिहू. माह्या बाबायचं नाव टाका."

मी वही ओढली. दोन्ही नावं त्यांनी मला सावकाश, एकेक अक्षर सांगून लिहायला लावली.