बसकाकांची चारचाकी

उभं आयुष्य बस चालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गाडी घ्यावी लागली, आणि तीही नाइलाजानं. गावात त्यांना सगळे बसकाका म्हणत. "चार माणसांसाठी चार चाकं? एवढी चैन कुणाला परवडते?" असं ते कालपरवापर्यंत म्हणायचे.

पण काकूंची किडनी दगा देऊ लागली, आणि नेमका त्याच सुमारास गावातला दवाखाना बंद झाला. सरकारचं नवं धोरण होतं, सगळ्या सोयी एका ठिकाणी, मोठ्या शहरात. दवाखान्यापाठोपाठ कचेरी गेली, मग बँक. ज्याला जमलं त्यानं गाडी घेतली. बस रिकामी धावू लागली, तेव्हा तीही बंद झाली. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहर गाठायचं म्हणजे दर खेपेला कुणाच्या तोंडाकडे बघणार? शेवटी मुलानं एक जुनी, लहानशी गाडी आणून दारात उभी केली.

काका ती बससारखीच चालवू लागले. वळण आलं की रस्त्याची दुसरी कड गाठून मगच वळायचे.

"अहो, मागे काही अख्खी बस नाहीये," काकू म्हणायच्या.

थांब्यावर कुणी उभं दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. कुणी गुडघेदुखीची म्हातारी, कुणी पट्टी बदलायला निघालेला गवंडी, शहरात काकूंच्याच दवाखान्यात झाडलोट करणारी एक बाई. काका कुणाकडून दमडी घेत नसत. "सरका जरा आत" हे मात्र तोंडातून निघायचंच, मग मागे एकच माणूस का असेना.

जाताना हे जमायचं. येताना काकू पार गळून गेलेल्या असत आणि मागच्या सीटवर आडव्या होत. एका संध्याकाळी शहराबाहेरच्या थांब्यावर त्या गुडघेदुखीच्या म्हातारीनं गाडी ओळखून हात केला. काकांनी आरशात पाहिलं. काकूंचा नुकताच डोळा लागला होता. त्यांनी गाडी तशीच पुढे काढली.

त्या रात्री काका जेवले नाहीत. "आजवर हात केलेल्या माणसाला सोडून मी कधी पुढे गेलो नव्हतो गं," एवढंच बोलले.

काकूंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेपासून मी उशी घेऊन पुढे बसेन. मागे तिघं मावतील. पण तुम्ही शहरातल्या वाहतूक साहेबाला जाऊन भेटा, बस परत मागा. हे काही आपल्या एकट्याचं काम नव्हे."

पुढच्या खेपेला काकूंना मशीन लावलं आणि काका वाहतूक कचेरीत गेले. साहेब तरुण होता, बोलायलाही गोड.

"काका, तुमच्या गावात आता जवळपास घरटी गाडी आहे. मागच्या वर्षी ज्या थोड्या घरांत नव्हती, त्यांतल्याही बऱ्याच जणांनी घेतली. मग बस कुणासाठी सोडायची?"

"त्या थोड्या घरांत माझंही एक आहे, साहेब. बस नव्हती म्हणून घेतली मी गाडी."

साहेबानं मान हलवली. त्याला पटलं असावं, पण त्याच्या हातात काही नव्हतं. "वरून ठरतं हो सगळं," तो म्हणाला. "हां, रस्ता मात्र रुंद होतोय."

काका दवाखान्यात परतले ते चेहरा पाडूनच. म्हातारीला मागे बसवलं, काकूंना पुढे उशीला टेकवून बसवलं आणि निघाले. "माझीच गाडी माझ्या बसच्या मुळावर आली बघ," ते म्हणाले.

"मग विकून टाकायची का?"

"विकली तर तुला काय खांद्यावर नेऊ?"

पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गाड्यांची ही लांबलचक रांग, आणि एकेका गाडीत एकेकच डोकं. काकांनी इंजिन बंद केलं आणि उसासा टाकला. "एवढी सगळी माणसं माझ्या एका बसमध्ये मावली असती."

"मावली असती," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "आणि निम्म्यांना उभं राहावं लागलं असतं. त्यांनी घरापर्यंत तुम्हालाच शिव्या घातल्या असत्या."

मागे म्हातारी खुदकन हसली. काकांनाही हसू आवरेना. रांग पुढे सरकली, तेव्हा मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

"थांब रे बाबा," काका म्हणाले आणि त्यांनी इंजिन चालू करून सावकाश गिअर टाकला.