कप्तानबाईंची पाटी

आमच्या कोरीवकामाच्या दुकानात ती आली तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती. आधी शाळेत लॅटिन शिकवायची. पोरं येईनाशी झाली तसा वर्गच बंद पडला. तिला धड कोरणी धरता येत नव्हती, पण मालकांसाठी ती पहिल्या दिवसापासून ‘पंडितीणबाई’, आणि मी तीस वर्षं नुसती ‘अहो बाई’. मी जळत होते, उगाच कशाला लपवू?

त्यात तिचा स्वभाव गोड. माझं भिंग पुसून ठेवायची, डब्यातलं आधी माझ्यापुढे सरकवायची. नावं ठेवायला काही सापडेना, तेव्हा मी तिच्या चपलांना नावं ठेवली. बक्षिसांच्या ढालींवर लॅटिन कोरता कोरता माझे डोळे गेले, अर्थ कुणी सांगितला नव्हता. ती सांगू लागली आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठ करून तिच्याशी बोलू लागली.

थोरले कारागीर निवृत्त होणार होते. त्यांचं खिडकीजवळचं मोठं टेबल जिला मिळेल, तिच्या हाताखाली दुसरीने काम करायचं. त्याच आठवड्यात फेरीबोटीचे खलाशी आले. त्यांच्या कप्तानबाईंचा निरोप होता. ‘बुडत्या बोटीवरून कप्तान सगळ्यात शेवटी उतरतो’ ही सगळ्यांना तोंडपाठ असलेली इंग्रजी म्हण त्यांना पितळी पाटीवर लॅटिनमध्ये हवी होती.

“पुरुषासाठीचं वाक्य बाईला कसं चालेल?” पंडितीण मालकांना म्हणाली. “लॅटिनमध्ये बाईसाठी शब्दांची शेपटं बदलतात. इथं चार बदलावी लागतील.”

मालक मान डोलवत होते. मी कान टवकारून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी तिने कागद माझ्या हातात दिला: वर पुरुषासाठीचं वाक्य, खाली बाईसाठीचं, शब्दांखाली अर्थ. “ताई, एकदा नजर टाका ना. आईला ताप आहे, माझं लक्षच थाऱ्यावर नाही.”

तीन शेपटं बदलली होती. चौथं, ‘शेवटची’ या अर्थाच्या शब्दाचं, पुरुषाचंच राहिलं होतं. एवढं ओळखायला मला लॅटिन यावं लागत नाही. मी म्हटलं, “ठीक आहे,” आणि कोरायला बसले. इतकं सुबक काम मी कधी केलं नव्हतं.

पाटी द्यायच्या दिवशी चूक तिलाच दिसली. पांढरीफटक पडली. खलाशी दारात उभे होते. आता ही कशी सारवासारव करते ते बघायला मी हात पुसत पुढे झाले.

“चूक माझी आहे,” ती मालकांना म्हणाली. “ताईंनी कागदाबरहुकूम कोरलंय. त्यांना काही बोलू नका. ही पाटी आज देऊ नका.”

मी दुसरी पाटी कोरून दिली. मोठं टेबलही मला मिळालं. उजेड छान येतो. ती समोर बसते, अजून माझं भिंग पुसते. तिचं लॅटिन, तिचा मान, सगळ्याचा हेवा करून झाला. आता जळते ती एवढ्यासाठीच, की तिला जे चारचौघांत पटकन म्हणता आलं, ते मला समोरासमोर बसूनही तिला म्हणता येत नाही.